नऊ फूट चार इंच

भावोजी गेल्यावर सतरा दिवस मला झोप फार छान लागली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते. अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळ. स्वप्न नाही, कूस बदलणं नाही. ऑफिसात वेळेवर जायचे, डबा संपवायचे, कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. आणि खरंच ठीक वाटायचं, तीच तर भीतीची गोष्ट होती. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही. माझं सगळं अंगच तसं झालं होतं.

माझं काम नद्यांचे काठ काढण्याचं. उपग्रहाने वरून घेतलेली छायाचित्रं पडद्यावर उघडायची, वेगवेगळ्या वर्षांची एकावर एक ठेवायची आणि त्या त्या वर्षी काठ कुठे होता तिथे माउसने टिचक्या देत रेघ ओढायची. दोन रेघांमधलं अंतर मधल्या वर्षांनी भागलं की नदी दर वर्षी किती जमीन खाते ते कळतं. लोकांना यात फार विद्वत्ता दिसते. खरं तर डोळे, मान आणि चिकाटी एवढंच लागतं, आणि त्यातली पहिली दोन माझी केव्हाच कामातून गेलीत. ऑफिसात मला रेघवाल्या बाई म्हणतात. भावोजी म्हणायचे, "आमची वरून बघणारी." ते बस चालवायचे. फोनवर त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "काय मग, आज बस कुठे उभी केली होती, दिसलं का?"

"भावोजी, माझ्या चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर. तुमची बस जेमतेम एका ठिपक्यात मावते. तुम्ही तर दिसायचा प्रश्नच नाही."

यावर ते दर वेळी तितक्याच जोरात हसायचे. विनोद जुना झाला म्हणून टाकून देणाऱ्यांतले ते नव्हते.

ताई, भावोजी आणि आमचे वडील, म्हणजे अण्णा, नदीच्या मोठ्या वळणावर राहायचे. मीही त्याच घरात वाढले. अण्णा पाण्याची पातळी मोजण्याच्या नोकरीत होते. काठाशी रोवलेल्या मोजपट्टीवर पाणी किती फूट, किती इंच आहे ते दिवसातून तीनदा वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. एक नक्कल कचेरीत जायची, दुसरी ते घरी ठेवायचे, कारण कचेरीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, म्हणून ताई आणि भावोजी तिथे राहायला आले. घरजावई म्हणून आम्ही भावोजींना यथेच्छ छळलं. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्या वळणाचं काम माझ्याकडे आलं. कुठल्या वस्तीला किती वर्षं धोका नाही ते सांगायचं होतं, म्हणजे कुणाला आधी हलवायचं ते वरच्यांना ठरवता येणार होतं. मी सात वर्षं आधीचं एक छायाचित्र घेतलं, त्या वर्षीचं एक घेतलं आणि दोन्हींवर रेघा काढल्या. रेघा जवळजवळ एकमेकींना चिकटून आल्या. सात वर्षांत नदी चौदा मीटर सरकली होती, म्हणजे वर्षाला दोन. आमचं घर काठापासून पंचेचाळीस मीटरवर होतं. मी बावीस वर्षं लिहिली. वस्ती हलवायच्या यादीतून सुटली.

ताईने फोनवर विचारलं होतं, "छोटे, खरं सांग. किती वर्षं आहेत?"

"बावीस. निवांत राहा."

तो नकाशा मी छापून घेऊन गेले, मिरवायला. अण्णांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि घडी घालून परत दिला. भावोजी म्हणाले, "बावीस वर्षांनी मी निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली असतील. नदीला म्हणावं, ये तेव्हा."

ताई शाळांचे गणवेश शिवते. तिचं मशीन दिवसभर खडखडत असतं. भावोजींची पहिली फेरी पहाटे साडेचारची, त्यामुळे ते दुपारी झोपायचे, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचे. बावीस वर्षं आहेत म्हटल्यावर ताईने मनावर घेतलं आणि घराच्या मागे, नदीच्या बाजूला, एक खोली बांधून घेतली. जाड भिंती, एक खिडकी, एक खाट. तिथे मशीन ऐकू यायचं नाही. ताई सगळ्यांना सांगायची, "यांची झोप झाली की माणूस अर्धा बरा होतो."

या वर्षी पूर ओसरल्यावर, एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, ती खोली नदीत गेली. पुढच्या खोलीत ताईचं मशीन चालू होतं, त्यामुळे तिला आवाजही आला नाही. मशीनमधला दोरा तुटला, ती ओवायला वाकली, तेव्हा मागून गार वारा आला. तिने वळून पाहिलं तर मागचं दार उघडं होतं आणि दारात पाणी दिसत होतं. भावोजी तिसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली सापडले.

वस्तीतल्या जाणत्या मंडळींनी लगेच निकाल दिला. काठावर एवढी जड खोली बांधली, वजनाने काठ बसला. ताईला ते पटलं. ती मला म्हणाली, "मीच म्हटलं होतं खोली बांधू या. यांना नकोच होती." ती अण्णांना घेऊन समोरच्या घरात, एका निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथे ती खुर्चीवर बसून असायची. अण्णा फोनवर सांगायचे, झोपत नाही, रोज सकाळी तशीच खुर्चीवर दिसते. मी "हो का" म्हणायचे आणि फोन ठेवून झोपायला जायचे.

सोळाव्या दिवशी साहेबांनी वळणाचा नवा अहवाल मागितला. मी जुनी फाइल उघडली. आधी ताजं छायाचित्र पाहिलं. आमच्या घराचा मागचा भाग जिथे असायचा तिथला ठिपका पाण्याच्या रंगाचा झाला होता. एक ठिपका. मी तो मोठा करून पाहिला, तरी ठिपकाच राहिला. मग सर्वांत जुनं छायाचित्र उघडलं, जिथून मी मोजायला सुरुवात केली होती ते. आमच्या पडद्यावर झाडोरा लाल दिसतो, स्वच्छ पाणी काळं दिसतं आणि गढूळ पाणी फिकट निळं. वळणावर, माझ्या रेघेच्या नदीकडच्या बाजूला, रेघेला लागून एक फिकट निळा पट्टा होता.

तो पट्टा मी ओळखला. ओळखायला पाच वर्षं लागली.

आमच्या लहानपणी काठ दोन पायऱ्यांचा होता. वर घरं, आणि खाली सत्तर मीटर रुंदीचा गवताचा सखल तुकडा, त्यानंतर खरी नदी. आम्ही त्याला खालचा पट्टा म्हणायचो. तिथे मी चालायला शिकले, ताईने तिथे सायकल शिकताना माझ्या पायावर घातली. पाणी चढलं की पट्टा बुडायचा, उतरलं की पुन्हा दिसायचा, म्हणून पुढे तो दिसेनासा झाला तेव्हा पाण्याखालीच असेल असं सगळ्यांनी धरलं. आमच्या कामाचा पहिला नियमच आहे की पाणी उतरलेल्या महिन्यांतलीच छायाचित्रं घ्यायची, नाहीतर पाण्याची कड हाच काठ वाटतो. त्या वर्षी बाकी सगळ्या छायाचित्रांवर ढग होते. हे एकच स्वच्छ मिळालं, महिना थोडा आधीचा होता, आणि मी म्हटलं, चालेल. मी पाण्याच्या कडेला काठ समजून रेघ ओढली. ज्या जमिनीवर मी लोळले होते ती मला वरून दिसली नाही. पुढच्या सात वर्षांत नदीने तो अख्खा पट्टा खाल्ला आणि ती माझ्या चुकीच्या रेघेच्या चौदा मीटर पुढे येऊन थांबली, म्हणून मला काठ जेमतेम हलला असं वाटलं. खरा हिशेब चौदा मीटरचा नव्हता, चौऱ्याऐंशीचा होता. वर्षाला बारा. पंचेचाळीस भागिले बारा. चार वर्षंसुद्धा नाहीत. वरचं एक वर्ष नदीने आपणहून दिलं होतं.

मी अण्णांना फोन लावला आणि ती तारीख सांगून विचारलं, "त्या दिवशी पाणी किती होतं? वही काढून बघता का?"

"नऊ फूट चार इंच," अण्णा म्हणाले. "वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते."

वही काढल्याचा आवाज आलाच नव्हता. म्हातारपणीही काय स्मरणशक्ती आहे, असा विचार तेवढा माझ्या डोक्यात आला.

मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, जुन्या अहवालात चूक आहे, माझी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाले, "बाई, अहवालात चूक हा शब्द शोभत नाही. सुधारित दर असं लिहा."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"लोक अहवाल वाचत नाहीत हो."

एका बाईने वाचला होता, आणि खोली बांधली होती. जागेवर येऊन मी 'चूक' असंच लिहिलं, खाली तारीख आणि नऊ फूट चार इंच लिहिलं, आणि अहवाल पाठवून दिला. त्या रात्रीही मी गाढ झोपले.

सकाळी भावोजींच्याच फेरीच्या बसने मी वळणावर गेले. दुसराच कुणी चालवत होता, फार जोरात ब्रेक मारत होता. ताई खुर्चीवर बसलेली होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. अण्णा खिडकीपाशी होते. मी नकाशा तिच्या मांडीवर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. खालचा पट्टा, पाणी, रेघ, बारा मीटर. न रडता, न थांबता, साहेबांना सांगितलं होतं तसंच.

ताईने नकाशावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे खोलीमुळे नाही?"

"नाही. खोली नसती तरी काठ तिथेच आला असता."

"पण खोली नसती तर हे पुढच्या खोलीत झोपले असते."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. येताना बसमध्ये मी दुसरा कसलाच विचार केला नव्हता. "मी बावीस वर्षं म्हटलं नसतं, तर तू खोली बांधलीच नसतीस. तुम्ही इथे राहिलाच नसतात. ताई, हे तुझ्याकडून नाही झालं. माझ्याकडून झालं."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले अण्णा म्हणाले, "मला माहीत होतं."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. अण्णा आमच्याकडे बघत नव्हते. "तू नकाशा आणलास ना, त्यावर कोपऱ्यात तारीख होती. तेव्हाच मनात आलं की त्या दिवशी पट्टा पाण्याखाली होता. नंतर वही काढून बघितलीसुद्धा."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला.

"तू एवढी शिकलेली. म्हटलं, पाणी चढलंय ते त्या यंत्राला कळत असेलच. एका पट्टीवाल्याने काय सांगायचं." त्यांनी चष्मा काढला. "आणि तू इतकी खुशीत होतीस."

अण्णांना मी काय बोलणार होते? एक फोन करून आकडा विचारायला मला पाच वर्षांत सुचलं नव्हतं, आणि ज्यांनी आयुष्यभर तेवढा एकच आकडा लिहिला, ते माझेच वडील होते.

ताई उठली. तिने शिवणाच्या डब्यातून खडू घेतला, गणवेशावर खुणा करायचा तो चपटा निळा खडू. "आता खरी रेघ कुठे आहे?" तिने विचारलं. "दाखव."

आम्ही बाहेर पडलो. पुढची पाच वर्षं धरली तर साठ मीटर. मी काठापासून पावलं मोजत निघाले, आमच्या उरलेल्या दोन खोल्यांच्या बाजूने, गल्ली ओलांडून, शिक्षिकेच्या घरामागून बस थांब्यापर्यंत. तिथून पुढे रेघ पलीकडच्या ओळीतल्या घरांवरून जात होती. प्रत्येक घरापाशी मी थांबायचे, ताई विचारायची, "इथे?" मी "इथे" म्हणायचे, आणि ती भिंतीवर खडूची उभी खूण करायची. लोक दारात येऊन बघत होते. कुणी विचारलं तर ताईच सांगायची, "नदी इथवर येणार आहे. आधी सांगितलं ते चुकलं होतं." कुणाचं चुकलं ते तिने एकदाही सांगितलं नाही. चौदा घरं झाली. एकही खूण वाकडी आली नाही, तिचा हात पहिल्यापासून सरळ.

शेवटच्या भिंतीपाशी ती थांबली. खडू अगदी चिमूटभर उरला होता, तो तिने माझ्या तळहातावर ठेवला.

"आज मला झोप लागेल," ताई म्हणाली. "आता जागायची पाळी तुझी."

मी बरं म्हटलं.