उद्घाटनाआधीचं सोयर

गावाला दवाखाना मिळाला होता, पण कुलपासकट! शिरड शहापूरच्या वाटेवरच्या त्या गावात वर्गणीतून तीन खोल्या उभ्या राहिल्या, डॉक्टर आले, औषधं आली. तरी जिल्ह्याचे अधिकारी तालुकदारसाहेब, त्यांच्या हातून उद्घाटन व्हायचं म्हणून दार बंदच. पंचांचे प्रमुख व्यंकटराव किल्ली कमरेला लावून गावभर मिरवत होते.

अखेर तो दिवस उजाडला. आत सत्यनारायणाचा चौरंग मांडला, दाराला तोरण लागलं, पुन्हा कुलूपही लागलं. व्यंकटराव नवा फेटा सावरत साहेबांच्या मोटारीची वाट बघत होते. तेवढ्यात तांड्याकडून एक बैलगाडी धडधडत आली.

"मालक, दार उघडा!" पेमा गाडीतून उडी टाकत ओरडला. "माझी बायको मोतीबाई अडली. कालपासून तडफडून राहिली!"

डॉक्टरांनी गाडीतच तिची नाडी पाहिली. "ताबडतोब आत घ्या, नाहीतर आई आणि मूल दोघंही हातचे जातील."

व्यंकटरावांचा हात किल्लीकडे गेला आणि तिथंच अडखळला. आत बाळंतपण झालं की सोयर आलं. मग पूजा कशी व्हायची? साहेबांपुढं काय शोभा राहायची?

"माझ्या गोठ्यात न्या तिला," ते म्हणाले. "साहेब गेले की दवाखाना तुमचाच हाय."

त्यांच्या पत्नी नर्मदाबाई प्रसादाचं पातेलं घेऊन येत होत्या. पातेलं खाली ठेवून त्या तरातरा पुढं आल्या.

"काहून हो, दवाखान्याला कसलं सोयर? आमी बायांनी चादरी शिवल्या त्या काय साहेबाला दाखवायला? आपली शकू बाळंतपणात गेली, ती त्याच गोठ्यात. तवाच तुमी म्हणाला होता न्हाई, गावात दवाखाना करीन म्हणून?"

व्यंकटरावांनी वळून गाडीकडं पाहिलं. लेकीचं नाव घेऊन त्यांनी दारोदार वर्गणी मागितली होती, आणि आज तसंच एक लेकरू त्यांच्या दारात तडफडत होतं!

"आग लागो त्या उद्घाटनाला!" त्यांनी तोरण ओरबाडून कुलूप काढलं, चौरंग स्वतः उचलून लिंबाखाली आणून ठेवला. मोतीबाईला नव्या कोऱ्या चादरीवर निजवलं.

मोटार आली. साहेब उतरतात न उतरतात तोच आतून आवाज आला, टॅहँ, टॅहँ! पेमा बैलांच्या गळ्यात पडून रडायला लागला.

"साहेब, माफी असावी," फेटा विस्कटलेले व्यंकटराव हसत म्हणाले, "उद्घाटन होऊन गेलं! पोरगी झाली. मायलेकी खुशाल हायत!"

आणि सगळ्यांसमक्ष त्यांनी कमरेची किल्ली सोडून डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

बंधुभगिनींनो, दवाखाना चालवणारे त्याचे मालक नसतात, राखणदार असतात. तिथं पहिला मान पाहुण्याचा नाही, पूजेचाही नाही. कण्हत दाराशी आलेल्या माणसाचा आहे!