दुसरी शिट्टी

डावा वरचा सुळा किंचित बाहेरच्या अंगाला वळलेला... आणि टोकाशी, नखाच्या कडेएवढा, घासलेला. भिंगाखाली धरलेल्या मोबाईलवर तो दात थांबला होता, त्याच्या धन्याचे ओठ शिट्टीसाठी आवळायच्या बेतात होते, आणि तिने मनातल्या मनात मिळकत मांडायला घेतली होती — महिनाभर ऑनलाइन गटाच्या माथ्यावर आपलं नाव, अडतीस माणसांचा रोज सकाळी मुजरा, आणि वरकमाई म्हणून गटातल्या ग्रंथपालांची जिरणार ती वेगळीच. कारण हा सुळा तिचा होता. सध्या त्या माणसाच्या तोंडात होता, एवढंच.

कवळ्या करणाऱ्या बाईला माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. डॉक्टरांकडून येतो तो प्लास्टरचा साचा आणि सोबत एक चिठ्ठी. पण वीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक वरच्या कवळीत तिने डावा सुळा असा बारीकसा वळवला होता. सगळे दात कवायतीला उभे केल्यासारखे लावले की हसू उसनं दिसतं, हे तिचं मत. आणि चित्रकार कोपऱ्यात सही करतो तर आपण का नाही, हे त्या मताच्या आतलं मत — ते तिने जाऊबाईंनाही सांगितलं नव्हतं, जरी जाऊबाई पलीकडच्याच टेबलावर त्याच कवळ्यांना चकाकी आणत बसायच्या.

गटाचा रिवाज सरळ होता. इंटरनेटच्या आडबाजूला पडलेलं काहीतरी शोधून आणायचं — सायकलच्या तारांवर वाजवलेली धून, पाकिटांच्या आतल्या नक्षीची कुणी जमवलेली चित्रं — आणि तोंडातून ब्र न काढता मांडायचं. वाहवा करायला बंदी. मान होता तो एकाच गोष्टीला : ती वस्तू कुणी केली, हे जो पुराव्यानिशी शोधून काढेल त्याचं नाव महिनाभर वर. ग्रंथपालांनी तीन वर्षं तो मान वतनासारखा उपभोगला होता. काल तिने आणलेला हा व्हिडिओचा तुकडा मात्र त्यांनाही उलगडला नव्हता. सव्वीस जणांनी पाहिलेला, नाव नाही, नाकाच्या वरचा चेहरा नाही, आणि एकाच तोंडातून दोन शिट्ट्या! ओठांतून एक सूर, आणि त्याच्या खाली, कुठून कोण जाणे, दुसरा — बारीक, न तुटणारा...

“दातवाल्या ताई,” ग्रंथपालांनी सकाळी लिहिलं होतं, “पाहुणा आणलात, आता त्याचं घरही दाखवा. नाहीतर मी आहेच.”

“हे आहेतच!” ती मोठ्यांदा म्हणाली.

जाऊबाईंनी यंत्र थांबवलं. “कोण गं?”

“पुस्तकवाले.”

“ज्याचं थोबाड पाहिलं नाहीस त्याच्याशी एवढं भांडतेस, आणि घरात चकार शब्द नाही. भावोजी सुखी आहेत हो.”

ती हसली. आज तिला सगळंच परवडत होतं. सुळ्याचं टोक घासलेलं, म्हणजे समोरचा खालचा दात उंच असणार. खालचे दात स्वतःचे, त्यातला एक असा डोकं वर काढलेला... असं काम एकदाच आलं होतं. अर्ध्या तासात चिठ्ठी हातात आली. दोन वर्षांपूर्वीची. नाव होतं, वय होतं एकोणसत्तर, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात : ‘अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. स, श जपणे.’ त्या ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण. पेन तिचं.

खूण केली म्हणजे वाचलं होतं... वाचलं होतं, आणि तरी दातांची कमान साच्यापेक्षा जराशी आत घेतली होती, कारण रुंद हसू मला बटबटीत वाटतं — मला, ज्याला हसायचं होतं त्याला नव्हे.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

“ते होय! एकदा परत आले होते की. स म्हटलं की शिट्टी वाजते म्हणाले. मी तुम्हाला कळवलंही होतं.”

“मी काय म्हटलं?”

“तुम्ही म्हणालात, महिनाभरात जीभ शिकेल.”

“मग?”

“मग फिरकले नाहीत. शिकली असेल.”

इथे दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण शोधायचा हात तिचा चांगला, हे ग्रंथपालही खासगीत कबूल करत. अंधांच्या बोलत्या पुस्तकांच्या वाचनालयाची यादी तिने दहा मिनिटांत गाठली. त्या गृहस्थांच्या आवाजात बावीस पुस्तकं पुरी, तेविसावं अर्धवट. तेविसावं तिने कानाला लावलं. सहा प्रकरणं गाळून घेतलेल्या पाण्यासारखी. सातव्यात ‘संध्याकाळ’ आली आणि तिच्यासोबत एक बारीक शिट्टी... मग ‘सावकाश’, मग ‘सासर’... प्रत्येक ‘स’च्या आधी आवाज जरासा दबकत होता, खड्डा ठाऊक असलेल्या वाटेवर पाय दबकतो तसा. आठवं प्रकरण एका तरुण मुलीच्या आवाजात होतं. पुढची सगळी तिच्याच.

“सापडला का मालक?” जाऊबाईंनी विचारलं.

“सापडला.”

“मग लिही की! वाट कसली बघतेस?”

लिहिलं होतं तिने. नाव, चिठ्ठीचा फोटो, सुळ्याचा फोटो — पुरावा असा की ग्रंथपालांनी मुकाट मान खाली घालावी. ‘पाठवा’वर अंगठा तेवढा टेकायचा होता. पण अंगठा टेकला तो पुन्हा त्या शिट्टीवर. वरचा सूर त्याचा... खालचा माझा. तो माझ्यावर हसतोय, की रडतोय, की खड्डा पडलाच आहे तर त्यात विहीर खणून बसलाय? साचा अजून कपाटात होता. कमान रुंद करता आली असती, चार दिवसांचं काम; मग स परत आला असता आणि हा खालचा सूर कायमचा गेला असता. त्याला यातलं काय हवं होतं? दातावरून माणूस ओळखणाऱ्या तिला हे त्या तोंडावरून ओळखता येईना, आणि येत नाही हे तिला वीस वर्षांत प्रथमच कळत होतं.

गटाला दीड मिनिटाची मौज फुकट मिळाली होती. डॉक्टरांनी एक फोन खर्चला होता, तिने एक लाल खूण. आठव्या प्रकरणापासून पुढची सगळी किंमत मात्र त्या वाचणाऱ्या गृहस्थांनी भरली होती... त्यांनी, आणि डोळे नसलेल्या त्या श्रोत्यांनी, ज्यांना आवाज का बदलला हे कुणीच सांगितलं नव्हतं.