तिन्ही रकान्यांत फिजिक्स

मी एक फॉर्म्युला बोलतोय. व्हीलुकअप हे माझं नाव. कॉम्प्युटरच्या शीटवर चौकोन असतात ना, त्यातल्या एकेका चौकोनात मी राहतो. बाहेरून आकडा दिसतो, आत मी असतो. एरवी मला बोलायची सवय नाही. पण लातूरच्या एका क्लासमध्ये आठवडाभर माझ्या नावावर जे खपवलं गेलं, ते निमूट ऐकल्यावर ठरवलं की आपली बाजू आता आपणच मांडायची.

माझं काम साधं आहे. एका पानावर मुलांचे रोल नंबर असतात. दुसऱ्या पानावर तेच नंबर आणि त्यांच्यासमोर गुण असतात. मी इकडचा नंबर घेऊन तिकडे जातो, तो शोधतो आणि त्याच्यासमोर ज्या रकान्यातलं आणायला सांगितलं असेल, त्या रकान्यातला आकडा आणून ठेवतो. कितव्या रकान्यातलं, हे मात्र सांगावं लागतं. न सांगता ओळखायला मी घरातली सून नाही. नंबर सापडलाच नाही तर मी चौकोनात तसं लिहून मोकळा होतो, काही लपवत नाही. पण चुकीचं मागितलं तर चुकीचं आणतो, आणि तेही लगबगीने.

मला जन्म दिला किशनने. हा अर्धापूरचा. आधी तिथल्या केळीच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बसायचा, मग लातूरला मन्मथ सरांच्या क्लासच्या ऑफिसात लागला. त्या रस्त्यावर दर दुसऱ्या इमारतीत क्लास आहे, आणि मधल्या इमारतींत होस्टेल, मेस आणि झेरॉक्स. डॉक्टर व्हायला निघालेली लेकरं उभ्या मराठवाड्यातून इथे येतात. पूर्वी त्यांचे गुण किशन एकेक करून हाताने भरायचा आणि मानेला पट्टा लावून फिरायचा. मग कुणाच्या तरी व्हिडिओत त्याने मला पाहिलं आणि दिवाळीआधीच्या मोठ्या परीक्षेला मला कामाला लावलं.

या परीक्षेचं महत्त्व सांगायला हवं. तिच्यावर बॅचेस ठरतात. पहिल्या दोन बॅचेसना जुने, नावाजलेले शिक्षक. तिसरीला उरलेले. चौथी गच्चीवर पत्र्याखाली, तिला नुकतेच शिकून आलेले. निकालाच्या सोमवारी सगळी मुलं मोठ्या हॉलमध्ये बसवतात आणि खाली घसरलेल्यांची नावं माईकवरून वाचतात. ज्याचं नाव येईल त्याने दप्तर उचलायचं आणि सगळ्यांच्या देखत दाराबाहेर जायचं. याला तिथे शिस्त म्हणतात. मी शीटमधला प्राणी, मला लाज कशाला म्हणतात ते माहीत नाही. पण त्या सोमवारनंतर ऑफिसच्या खिडकीशी येणाऱ्या मुलांचे आवाज बदललेले असतात, एवढं मला कळतं.

तर, किशनने मला पहिल्या चौकोनात लिहिलं. दुसऱ्या पानावर पहिल्या रकान्यात रोल नंबर होते, दुसऱ्यात फिजिक्स, तिसऱ्यात केमिस्ट्री, चौथ्यात बायोलॉजी. फिजिक्स आणायचं म्हणून त्याने मला ‘दोन’ सांगितलं. रोल नंबरचा रकाना जागचा हलू नये म्हणून डॉलरची खूणही मारली. ती अगदी बरोबर होती. मी पहिल्या मुलाचं फिजिक्स आणून दिलं, किशन खूश झाला. त्याने माझा कोपरा धरला आणि मला खाली ओढलं, झरझर सगळ्या मुलांचं फिजिक्स आलं. मग मला उजवीकडे ओढलं, केमिस्ट्रीच्या आणि बायोलॉजीच्या रकान्यांत. एका दमात सगळं पान भरलं.

उजवीकडे ओढताना तो ‘दोन’ मात्र दोनच राहिला. तो आपोआप तीन आणि चार होत नाही, तो बदलावा लागतो. किशनने बदलला नाही. मी तिन्ही वेळा दुसऱ्या रकान्यात गेलो आणि तिन्ही वेळा फिजिक्स घेऊन आलो.

समोर दिसलं असतं तर शेंबड्या पोरानेही पकडलं असतं. पण सरांचा हुकूम होता की यादीवर फक्त बेरीज आणि नंबर ठेवा, अक्षर मोठं घ्या, पालकांना मोबाइलवर वाचता आलं पाहिजे. म्हणून किशनने ते तीन रकाने झाकून टाकले. छापून आली ती नुसती बेरीज. त्या यादीतली प्रत्येक बेरीज तीनने भागली जात होती. इमारतीत एवढे शिक्षक, सगळे शहाणे. एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्याला कारण होतं, आणि ते मन्मथ सरांच्या आयुष्यात होतं. सरांचं गाव तेरणेच्या काठचं. भूकंप झाला तेव्हा ते शिकायला लातूरच्या वसतिगृहात होते म्हणून वाचले. घरातलं दुसरं कुणी वाचलं नाही. पुढे पुनर्वसनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते लहान मुलांना शिकवू लागले. दगडाच्या रुंद भिंती, आत नुसती माती, डोक्यावर धाब्याचं ओझं. जमीन हलली तर असं घर का बसतं, हे त्यांनी तिथे फळ्यावर काढून दाखवलं. तिथून हा क्लास उभा राहिला. तेव्हापासून सरांचं एक म्हणणं आहे: ज्याचं फिजिक्स पक्कं, त्याचं सगळं पक्कं. त्या परीक्षेच्या यादीत फिजिक्सवाली सगळी मुलं वर आली. सरांनी ती शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, मी काय सांगत होतो. मनासारखी निघालेली चूक कुणी तपासत नाही.

आता सदफ. हिमायतनगरची मुलगी, दुसऱ्या बॅचमधली. तिचे वडील दस्तगीरभाई ऑटोच्या सीटा आणि हूड शिवतात. पोरीला एवढ्या लांब ठेवायला त्यांच्या थोरल्या भावाचा विरोध होता. घरात बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं की पोरगी वरच्या दोन बॅचेसमध्ये राहील तोवर लातूरला राहील. खाली आली की परत यायचं आणि तालुक्याच्या कॉलेजात नाव घालायचं. हे सगळं मला खिडकीशी ऐकायला मिळालं. शब्द दिला होता, आणि त्या घरात शब्द मोडत नाहीत.

सोमवारी माईकवर सदफचं नाव आलं. दुसरीतून थेट चौथीत. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. आवाज नेहमीचा ठेवायचा तिचा प्रयत्न होता.

“किशनभाऊ, टोटल वाचली मी. बायोचे किती हायेत, तेवढंच बघायचंय.”

“ते दाखवायचं न्हाई. सरांनी टोटलच लावा म्हणलंय.”

“उत्तरसूचीशी ताळा केला मी. नव्वदच्या वर यायला पाहिजेत.”

किशन हसला. “इथं येणारं हरेक लेकरू नव्वदच्या वर घेऊनच येतंय, ताई. खाली कोण बसवतंय? कॉम्प्युटर. मी न्हाई.”

मी तिथेच होतो, त्याच्या बोटाखाली. झाकलेले रकाने उघडायला एका बटणाचं अंतर होतं.

शनिवारी सकाळी दस्तगीरभाई आले. होस्टेलमधून पेटी घेतली आणि पोरीचं ओळखपत्र परत करायला खिडकीशी थांबले. पेपर चांगला गेला होता असं पोरगी म्हणते, तर एकदा बघता येईल का, असं त्यांनी अदबीने विचारलं. किशन म्हणाला, “चाचा, कॉम्प्युटरनं काढलेत मार्क. कॉम्प्युटर कुणाचा सगा नसतो.” दस्तगीरभाईंनी मान हलवली. एवढ्या मोठ्या क्लासचं मशीन, त्याच्याशी काय भांडायचं. ते पेटी खांद्यावर घेऊन निघाले. त्यांच्या मागे सदफ.

माझा राग इथला आहे. माणसं माणसाला जाब विचारतात, पण माझं नाव पुढे केलं की गप्प बसतात. आणि ते ज्यांना माहीत आहे, ते माझंच नाव पुढे करतात.

दुपारी राजकन्या मॅडम ऑफिसात आल्या. या बायोलॉजी शिकवतात, पण फक्त वरच्या दोन बॅचेसना. त्या आठवड्यात त्या बहिणीच्या बाळंतपणासाठी उदगीरला होत्या. आल्या आल्या वर्गात त्यांना एक जागा रिकामी दिसली होती.

“किशन, ती हिमायतनगरची सदफ कुठंय?”

“चौथीत गेली, मॅडम. म्हणजे गेली होती. आज घरीच गेली.”

“चौथीत? बायोला किती पडले तिला?”

“टोटल त्र्याण्णव.”

“मी टोटल विचारून राहिले का तुला?”

किशन म्हणाला की ते रकाने झाकलेले आहेत. मॅडम म्हणाल्या, मग उघड. त्याने उघडले. सदफच्या नावापुढे एकतीस, एकतीस, एकतीस. मॅडमने वर बोट दाखवलं. यादीत पहिला आलेला शिवलिंग, देवणीचा. त्याच्यापुढे अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मॅडमने खुर्ची ओढून घेतली आणि दुसरं पान उघडायला लावलं. तिथे सदफचं खरं होतं: फिजिक्स एकतीस, केमिस्ट्री अठ्ठ्याहत्तर, बायोलॉजी चौऱ्याण्णव.

किशनचा चेहरा उतरला. “मॅडम, ते कॉम्प्युटरनं...”

मॅडमने एकेका चौकोनावर बाण नेऊन मला वाचलं. तिन्हीकडे दोन. मग त्याच्याकडे बघून शांतपणे विचारलं, “आणि कॉम्प्युटरला दोन कुणी सांगितलं?”

त्या प्रश्नासाठी मी या बाईंचा जन्मभर ऋणी आहे.

सरांना बोलावलं. सरांनी दोन्ही पानं ताडून बघितली. माणूस वाईट नाही, पण क्लास मोठा झाला की माणसाला आधी क्लास सांभाळावा वाटतो. म्हणाले, आता हे बाहेर काढलं तर जुन्या सगळ्या याद्यांवर लोक संशय घेतील. शिवलिंगच्या वडिलांनी देवणीच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. समोरचे क्लासवाले टपलेलेच आहेत. महिनाभराने परत परीक्षा आहे, पोरगी हुशार असेल तर आपोआप वर येईल.

“पुढच्या परीक्षेला ती इथं असणार आहे का, ते तरी विचारा,” मॅडम म्हणाल्या.

किशनने खाली बघत दस्तगीरभाईंनी सांगितलेला करार सांगितला. सरांनी फोन लावायला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे नांदेडच्या स्टँडचा गलका ऐकू येत होता. सरांनी आपलं नाव सांगितलं. कॉम्प्युटरच्या चुकीने गुण कमी लागले, मुलीला परत घेऊन या, तिची जागा दुसऱ्या बॅचमध्ये आहे, म्हणाले.



“कॉम्प्युटरची चूक,” दस्तगीरभाई म्हणाले. “आमच्या दुकानात सीट तिरपी शिवली गेली तर मशीनची चूक म्हणून गिऱ्हाइकाला न्हाई सांगता येत, सर.”

“तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही या.”

“घरी फोन करून बसलोय मी. पोरगी खाली आली, घेऊन येतोय, असं भावाला सांगितलंय. आता काय सांगू? लातूरवाल्यांनी गुपचूप वर घेतलं म्हणू?” आवाज अजिबात चढला नव्हता. “खाली बसवताना तिचं नाव तुम्ही माईकवर घेतलं होतं. आता फोनवर सांगून राहिलात.”

“मग काय करू मी?”

“माईक हाय ना अजून?”

सरांनी एकदा मॅडमकडे बघितलं. मग म्हणाले, सोमवारी या.

सोमवारी किशनने मला हॉलमध्ये नेलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर दाखवलं, झाकलेले रकाने उघडून. एवढी मुलं मला एकदम पहिल्यांदाच बघत होती. शेवटच्या रांगेमागे दस्तगीरभाई उभे होते, त्यांच्या शेजारी सदफ. सरांनी माईक घेतला. सुरुवात कॉम्प्युटरपासूनच झाली. ‘कॉम्प्युटरमध्ये’ एवढं बोलले आणि थांबले. मग म्हणाले:

“फॉर्म्युला किशननं ओढला. तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही, कारण यादी मला आवडली होती.”

सरांनी नव्या यादीतली नावं वाचली. सदफ दप्तर घेऊन दुसऱ्या बॅचच्या बाकांकडे गेली. शिवलिंग उठला आणि दप्तर उचलून तिसऱ्या बॅचकडे निघाला. त्याच्या केमिस्ट्री-बायोलॉजीचं खरं काय ते आता पडद्यावरच होतं. त्याची यात काडीची चूक नव्हती, आणि तरी सगळ्यांच्या देखत दारातून जावं लागलं ते त्यालाच. दार काही सरांनी बंद केलं नाही. चुकीचं नाव माईकवर येऊ नये, एवढंच सुधारलं. नाव मुळात माईकवर यावंच का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आता मी अजून त्याच क्लासात आहे. केमिस्ट्रीच्या रकान्यात माझ्या पोटात ‘तीन’ आहे, बायोलॉजीच्या रकान्यात ‘चार’. भिंतीवर लागते ती यादी सगळ्या रकान्यांसकट लागते. अक्षर बारीक आलं तर पालक डोळे बारीक करतात. किशन अजून मला ओढतो, आणि ओढावं. त्याची मान वाचली याचा मला आनंदच आहे. माझी विनंती तुम्हा सगळ्यांना आहे, शाळावाल्यांना, क्लासवाल्यांना, कचेरीवाल्यांना. मला हवं तितकं ओढा. पण ओढल्यावर एका तरी लेकराची ओळ बोट ठेवून वाचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्याचं लेकरू आहे तो ती वाचायला आला, तर खिडकी लावून घेऊ नका.

दस्तगीरभाईंनी त्या सोमवारी तेच केलं. निघण्याआधी ते सदफला घेऊन भिंतीवरच्या नव्या यादीपाशी आले. रोल नंबर शोधला आणि बोट हळूहळू सरकवत नेलं. बोट पहिल्याच रकान्यात थांबलं. त्यांनी पोरीकडे बघितलं.

“हे काय गं, बेटा? फिजिक्स एकतीस? हेबी चुकलंय का?”

सदफने ओढणी सारखी केली.

“न्हाई अब्बा. ते खरंच हाय.”