ड्राइव्हचा दिवा

"दिवा आपणहून विझल्याशिवाय फ्लॉपी आत घालायची नाही. कितीही घाई असली तरी."

ताईचा हा आवाज धाकटीच्या कानांत ताजा होता. ताईकडे मात्र तो आता नव्हता. घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. जाणार हे ठाऊक होतं, म्हणून तिने घरच्या कम्प्युटरला माइक जोडून आपले थोडे शब्द एका फ्लॉपीत साठवले होते. बटण दाबलं की मशीन तिच्या आवाजात बोलणार. शेवटच्या संध्याकाळपर्यंत ती शब्द भरत राहिली, आणि दुसरी प्रत काढायच्या आतच फ्लॉपी चालवणाऱ्या ड्राइव्हने मान टाकली. तेव्हा तिने धाकटीचा हात धरून वचन घेतलं होतं, "फ्लॉपीचं काही बरंवाईट झालं तर मला तूच सांग. मी घरी यायच्या आत."

आज संध्याकाळी ताई घरी यायची होती.

मूळ कंपनीचा ड्राइव्ह मिळेना, म्हणून धाकटीने भलत्याच कंपनीचा, बाहेरून जोडायचा एक आणला. दुकानदार म्हणाला होता, चालेल, थोडं जुळवून घ्यावं लागेल. त्यावर भावोजी म्हणाले, लग्नात आम्हालाही हेच सांगितलं होतं.

जुन्या केबलला तिने नवा प्लग बसवला. त्याला खाच नव्हती. तो सुलटा बसे तसाच उलटाही बसे. तिने मशीन चालू केलं. ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. आत काही नसताना मोटर हलकेच घरघरत होती.

केबलची लाल कड कुठल्या बाजूला हवी, ते जुन्या ड्राइव्हवर पाहायला ती आतल्या खोलीत गेली. मशीन बंद करायचं राहिलं. दारात भावोजी धुतलेली चादर घेऊन उभे होते; त्यांना काही सांगायचंही राहिलं.

जुना ड्राइव्ह हातात घेते तोच बाहेर ड्राइव्हचं झाकण खट्कन लागलं.

ती धावली. भावोजी खुर्चीत बसून हसत होते. "दिवा लागला की, मेहुणीबाई. म्हटलं, ताईचा आवाज आधी मीच ऐकावा."

तिने मशीन बंद केलं, फ्लॉपी काढली, प्लग फिरवून लावला. आता दिवा क्षणभर लागून आपणहून विझला, अगदी ताईने सांगितलं होतं तसा. तिने फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्हने दोनदा चाचपडल्यासारखा आवाज केला. पडद्यावर अक्षरं उमटली: फ्लॉपीत काहीही नाही.

प्लग उलटा असताना आत गेलेली फ्लॉपी ड्राइव्हने पुसून टाकली होती. भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, "आज नको सांगूस. घरी रुळू दे तिला."

धाकटीने त्यांना बोल लावला नाही. प्लग तिनेच उलटा लावला होता. चादर त्यांच्या मांडीवरून खाली घसरली होती. तिने ती उचलून घडी करून परत त्यांच्या हातात दिली.

"तेवढी अंथरून ठेवा," ती म्हणाली. फ्लॉपी पिशवीत घातली, चपला सरकवल्या, आणि दार आवाज न करता ओढून घेऊन ती हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली.