कार्त्यायनीला हाक मारणारी बोट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बोट आहे. कोचीच्या खाडीतल्या एका बेटावरून माणसे एर्नाकुळमला पोचवण्यात माझा जन्म गेला. मी रानफणसाच्या फळ्यांची. सुतारांनी माझे अंग माशाच्या तेलाने चोळले, तो वास अजून गेलेला नाही.

माझे इंजिन असे धडधडे की बेटावर कोणी घड्याळ बघत नसे. आवाज कानी आला की माणसे घराबाहेर पडत. कौतुक पुष्कळ झाले. पण ओहोटीला मी धक्क्याच्या खूप खाली जाई, तिथून वर चढणे म्हणजे उडीच. गुडघे गेल्यापासून बेटावरची म्हातारी कार्त्यायनीअम्मा बेटाबाहेर पडली नाही, याचे मला वाईट वाटे.

मग शहरात मेट्रो चालवणाऱ्या सरकारी कंपनीने विजेवरच्या बोटी आणल्या. त्यांचा धक्का पाण्याबरोबरच वरखाली होतो. मला कडेला बांधले. मला चालवणारा सारंग वेलायुधन मात्र अजून येतो आणि माझ्यातले पाणी उपसतो.

त्या दिवशी पलीकडच्या देवळात कार्त्यायनीच्या पणतूचे उष्टावण होते. पहिला घास तिने भरवायचा होता. जरीकाठाचे मुंडू नेसून ती धक्क्याजवळच्या आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"चेची, नटूनथटून इथेच? बोट गेली की!" वेलायुधन ओरडला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे चेची म्हणतात.

"गेली? मेली मांजराच्या पावलांनी आली होती का? धडधड कुठाय?"

"विजेची आहे ती, बोंबलत नाही."

"मग आमच्यासारख्यांना कळायचं कसं? मुहूर्त टळला तर नातजावई जन्मभर ऐकवेल."

"अजून एक बोट आहे. चल, धक्क्यावर बस."

"उन्हात? गुडघे तुझे आहेत का? इथेच बसते." आणि ती पाणी प्यायला आत गेली.

खाडीच्या वळणावर पुढची बोट दिसली. वेलायुधनने हाका मारल्या, पण आत गेलेल्या कार्त्यायनीला कमी ऐकू येई. तेव्हा त्याने धावत येऊन माझे इंजिन सुरू केले. बांधल्या जागी मी सारा जीव एकवटून धडधडले.

"आले रे, आले!" करत कार्त्यायनी बाहेर आली. नव्या बोटीत तिने सहज पाऊल टाकले, जसे ओसरीवरून घरात जावे. दुपारी परतली तेव्हा तिच्या जरीकाठावर पणतूने माखलेला भात होता. तो तिने पुसला नव्हता.

जे माझ्याने झाले नाही, ते त्या मुक्या बोटीने केले. मी तिची ऋणी आहे. मित्रांनो, नवी बोट जपा, तिच्यात कचरा टाकू नका. आणि निघण्याआधी जरा मागे बघा. कोणी उंबऱ्यावर वाट बघत बसले असेल, तर त्याला मोठ्याने हाक मारा.