आपल्या डॉक्टरने पाहिलेला खांदा

माझ्या नवऱ्याला, मकरंदला, 'मला लागलंय' म्हणायची लाज वाटते. काय बोलणार आता! इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो इंजिनियर होता, तिथे एका मशिनवर चढला असताना पाय सटकला. उजव्या हाताने रेलिंग धरलं आणि सगळं वजन त्या एका खांद्यावर आलं. सुपरवायझर धावत आला, "यू राइट, मेट?" आणि आमचे साहेब कपडे झटकत म्हणाले, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. इथे कायम राहायचा, रेसिडेन्सीचा अर्ज आत होता ना. नावावर दुखण्याची नोंद नको, कंपनीचं मन मोडायला नको. धन्य तो माणूस.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे गणपतीची आरती होती. यशोधनदादा आले होते. ते इथे हॅमिल्टनमध्येच फॅमिली डॉक्टर आहेत. आम्ही या देशात उतरलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते, भाड्याचं घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलो. आरतीचं ताट मकरंदला उचलेना, तशी त्यांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं, सदरा काढायला लावला, दंड फिरवून पाहिला. मी मोदक उकडत तिथेच उभी होते.

"अरे, हे चांगलंच लागलंय. आत काहीतरी फाटलंय बहुतेक."

"क्लिनिकला येऊ का उद्या?"

"कशाला? आलास की नोंद आली, फाइल आली. रेसिडेन्सी होऊ दे आधी. मी आहे ना!"

फ्रिजवर आमचा पुण्याहून आणलेल्या औषधांचा डबा असतो, इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. दादांनी त्यातूनच गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. आपलाच डॉक्टर घरात असताना बाहेर कोण जातं हो?

खांदा काही सुटला नाही. हिवाळा आला तोवर हात डोक्यापर्यंत जाईना, केस मी विंचरायचे त्याचे. मग रीतसर दवाखाना, रीतसर स्कॅन. आत फाटलेलं दिसलं, पण चाळिशीतल्या खांद्यात असते तशी झीजही दिसली. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. इथे अपघात झाला की ऑपरेशन आणि बराचसा पगार सरकारी विमा देतो, चूक कोणाची का असेना. त्या बदल्यात कंपनीवर भरपाईचा दावा लावता येत नाही. पण दुखणं अपघाताचंच आहे हे दिसलं पाहिजे. झीज असेल तर तुमचं तुम्ही बघा. आमच्या अर्जावर उत्तर आलं: झीज. आम्ही फेरसुनावणी मागितली.

तोवर वर्कशॉपने मकरंदला नको म्हटलं होतं. व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. म्हणजे फेरसुनावणीत हरलो की ऑपरेशन नाही, नोकरी नाही, देश नाही. इतकं सरळ होतं सगळं.

आमची वकील श्रुती इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर अर्धं इंग्रजीत. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "काकू, त्या दिवशी कोणी पाहिलं? एनी डॉक्टर?" मी तोंड उघडलं, तर मकरंदने टेबलाखाली माझा पाय दाबला.

सुनावणीच्या दिवशी पार्किंगमध्ये मी गाडीतून उतरेचना.

"दादांचं नाव सांग. नाहीतर मी सांगते."

"नोंद न करता गोळ्या दिल्यात त्यांनी. लायसन्सवर येईल."

"आणि आपल्यावर काय आलंय? फुलं पडतायत का?"

"त्यांच्या घरात राहिलोय आपण, विनया. त्यांचं मीठ खाल्लंय."

"मग स्वानंदीला काय सांगायचं? की बाबाने मिठासाठी तुझी शाळा सोडवली?"

समोरून दादा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आधार म्हणून आले होते. मला वाटलं, आता हेच बोलतील. देवाशप्पथ वाटलं मला.

आत सुनावणी घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, मऊ बोलायच्या. मी सांगितलं, मी पाहिलं, ताट उचलत नव्हतं याला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, घरच्यांशिवाय त्या दिवशी हा खांदा कोणी पाहिला होता का?

मी दादांकडे पाहिलं. ते पाण्याच्या जगकडे बघत होते. बोला ना, बोला! माझ्या ओठांवर आलं होतं त्यांचं नाव. तेवढ्यात मकरंद म्हणाला, "नो. नोबडी." दादांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

बाहेर श्रुतीने माझा हात धरला. "आय अ‍ॅम सो सॉरी, काकू. दॅट डे कोणी पाहिलेलं हवं होतं. दॅट्स ऑल वी नीडेड." निकाल यायचा होता, पण तिच्या तोंडावरच तो आला होता.

ती गेल्यावर दादा जवळ आले. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती त्यांची. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी मकरंदपुढे धरलं.

"बराच वेळ बसलास. दुखत असेल रे."

फेकून दे ते, मी मनात ओरडले. फेक त्यांच्या तोंडावर! मकरंदचा उजवा हात थोडा हलला आणि राहिला. मग त्याने डावा पुढे केला, पाकीट घेतलं.

"थँक्स दादा," तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून."