एक बूट दाराशी, एक खांबाआड

मुलांनो, असं समजा, की तुम्ही डब्लिनमधल्या जुन्या कालव्याच्या काठावर उभे आहात. समोर बोट लागली आहे. थोड्याच वेळात ती दोन मोठ्या लाकडी दारांच्या मध्ये जाऊन उभी राहील, दारं मिटतील, आत पाणी भरेल आणि बोट हळूहळू वर उचलली जाईल. ही गंमत बघायला स्वरांगी डब्लिनच्याच टॅला या उपनगरातून आली होती. पण तिच्या आजोबांच्या एका पायात बूटच नव्हता.

त्याचं असं झालं. वाटेत स्वरांगीला एक चिमुकला हातमोजा दिसला. ती वाकली, तर पुण्याहून आलेले पद्माकर आजोबा म्हणाले, "पडलेलं उचलू नये. कुणाचं काय असेल, सांगता येत नाही." पुढे काठावरचं जुनं चर्च लागलं. आजोबांनी बाहेरच बूट काढले. एक दाराशी ठेवला, दुसरा लांब खांबाआड.

"आजोबा, इथे काढत नाहीत बूट."

"असू दे. आणि जोडी एकत्र दिसली, की चोराचं फावतं."

बाहेर येऊन बघतात, तर खांबाआडचा बूट गायब!

समोर बोटवाला दोर सोडत होता. पायाशी फुगलेली पिशवी.

"आपण बघितलं की तोंड फिरवतो बघ," आजोबा पुटपुटले. "याच्या बोटीत मी बसणार नाही."

"एका बुटाचं तो काय करेल?"

"दुसऱ्यासाठीच थांबलाय."

बोटवाल्यानं हात हलवून विचारलं, "येताय ना? निघतोय मी."

"बघ, कशी घाई झालीये."

आता स्वरांगीलाही ती पिशवी बुटाच्या आकाराची वाटू लागली. तरी ती शोधत कुंपणापाशी गेली. तिथे लोखंडी गजाच्या टोकावर आजोबांचा बूट उलटा अडकवलेला होता. शेजारच्या गजावर कुणाची तरी टोपी. तिच्या शाळेबाहेरही असंच असतं. हरवलेली वस्तू मालकाला लांबूनही दिसावी, म्हणून लोक ती उंचावर अडकवून जातात. एकटा पडलेला बूट कुणाला तरी हरवलेला वाटला होता.

तिनं काढून आणलेला बूट आजोबांनी घातला. "पण मग पिशवीत काय आहे?"

बोटवाल्यानं पिशवी उघडली आणि त्यांच्या हातात केशरी लाइफ जॅकेट दिलं. आजोबा खाली मान घालून बोटीत बसले.

स्वरांगी मात्र आल्या वाटेनं मागे धावली. वाटेतला तो चिमुकला हातमोजा तिनं उचलला, झटकला, बुटाच्या रिकाम्या गजावर अडकवला आणि मग धावत येऊन बोटीत चढली.